गिधाडे कशाने मेली?

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८ च्या हंगामात विभू प्रकाश यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची घरटी मोजली, तेव्हा विणीच्या ३५३ जोड्या भरल्या. गिधाडांची काळजी वाटावी असे तेव्हा काहीच नव्हते. हे गिधाड म्हणजे जगातला बहुधा सर्वांत विपुल मोठा शिकारी पक्षी असावा, असे १९८५ च्या सुमारास जाणकार लिहीत होते. १९९६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) हेच प्रकाश पुन्हा तिथे मोजायला गेले, तर जोड्या निम्म्याहूनही कमी झालेल्या. फांद्यांवर मेलेली गिधाडे लटकत होती, काही घरट्यातच मरून पडली होती आणि जिवंत होती त्यांतली काही मान खाली टाकून तासन् तास एका जागी बसून होती. पुढच्या काही वर्षांत त्या उद्यानात या जातीचे एकही घरटे उरले नाही.

हे एकट्या भरतपूरचे दुखणे नव्हते. उत्तर आणि मध्य भारतात ठरावीक रस्त्यांवरून गाडीने जात, दिसेल ते गिधाड टिपत मोजण्या झाल्या. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजार होती तिथे एक उरले. लांब चोचीचे गिधाड आणि त्याचा तराई-आसामकडचा भाऊ, बारीक चोचीचे गिधाड, या दोघांची घट ९७ टक्क्यांच्या आसपास होती. नेपाळ आणि पाकिस्तानातही तेच चालू होते.

शाळेच्या पुस्तकात उत्सर्जन एका धड्यात असते, प्रजनन दुसऱ्या, अन्नसाखळी तिसऱ्या. परीक्षेतही ते वेगवेगळ्या प्रश्नांत येतात. गिधाडांच्या प्रकरणात हे तिन्ही धडे एकत्र वाचल्याशिवाय उत्तर सापडत नाही, म्हणून ते सविस्तर मांडण्यासारखे आहे. गिधाडांना एका औषधाने मारले, एवढे आता पुष्कळांना ठाऊक असते. पण तेवढ्या थोड्या औषधाने तेवढी गिधाडे का मेली, याचे उत्तर औषधापेक्षा गिधाडाच्या शरीरात आणि सवयीत जास्त आहे.

पक्षी आणि त्याचे काम

गिधाड पंख फारसे हलवत नाही. ऊन तापले की जमिनीवरून गरम हवा वर चढते, तिच्यावर स्वार होऊन ते उंच जाते आणि तिथून दोन गोष्टींवर नजर ठेवते: खाली जमिनीवर आणि बाजूच्या गिधाडांवर. एक गिधाड खाली झेपावले की शेजारचे त्याच्यामागे वळते, त्याला पाहून त्याच्या पलीकडचे. असे करता करता काही मिनिटांत मैलोन् मैल दूरची गिधाडे एकाच मढ्यावर गोळा होतात. शंभरेक गिधाडांचा थवा असला तर गाईच्या मढ्याचे अर्ध्या-पाऊण तासात सांगाडा-कातडे उरते. पोटातले आम्ल इतके तीव्र की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथे टिकत नाहीत.

अन्नसाखळीची आकृती काढताना आपण गवत, ससा, कोल्हा, वाघ असे बाण काढतो आणि वाघापाशी थांबतो. मेलेल्या वाघाचे किंवा म्हशीचे पुढे काय होते, हे 'विघटक' असा एक शब्द लिहून संपवले जाते. जिवाणू-बुरशीच्या आधी हे काम मृतभक्षक करतात आणि भारतात त्यांचा वाटा अवाढव्य होता. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गाईबैल सुमारे १९ कोटी आणि म्हशी सुमारे ११ कोटी आहेत. यांतली मोठी संख्या म्हातारपणाने किंवा आजाराने मरते. मेलेले ढोर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम आपल्याकडे जातीच्या नावाने माणसांवर लादलेले होते, त्याविरुद्ध १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आवाज उठवला, हा इतिहास इथे वगळून चालणार नाही. ढोर ओढून नेले, कातडे काढले की उरलेले सगळे गिधाडांवर सोपवलेले असे. जाड कातडे फाडणे गिधाडाला जड जाते, त्यामुळे सोललेले जनावर त्यांना सोयीचेच पडायचे. नंतर हाडे गोळा करणारे येत; स्वच्छ झालेली हाडे खताच्या कारखान्याला जात. सरकारी कागदावर कुठेही नसलेली ही व्यवस्था होती आणि तिच्यात एका पक्ष्याचे काम बिनपगारी होते.

आता या पक्ष्याची पैदास बघू. मादी हंगामात एकच अंडे घालते. दीड महिन्याहून अधिक काळ दोघे आलटून पालटून ते उबवतात, पिलू उडायला तीन महिन्यांच्या वर घेते आणि त्याने स्वतः जोडी जमवायला साधारण पाच वर्षे जावी लागतात. चिमणी, उंदीर यांचा हिशेब निराळा: खूप जन्मतात, खूप मरतात, एखादे वर्ष वाईट गेले तर पुढचे भरून काढते. गिधाडाचा सगळा भरवसा म्हातारे होईपर्यंत जगण्यावर आहे. पूर्ण वाढलेल्या शंभर गिधाडांतली वर्षाला चार-पाच मेली तर नव्या पिढीतून ती जागा जेमतेम भरून निघते. त्याहून जास्त मरू लागली की घट सुरू होते, आणि ती थांबवायला निसर्गाकडे दुसरी सोय नाही.

संशय चुकीच्या दिशेला

मेलेली गिधाडे चिरून पाहिली की बहुतेकांच्या आत एकच चित्र दिसे. यकृत, हृदय, मूत्रपिंडे यांच्यावर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर. हे यूरिक आम्लाचे स्फटिक. पशुवैद्य याला अंतर्गत गाऊट म्हणतात. गाऊट हे लक्षण झाले, कारण नव्हे. मूत्रपिंडे बंद पडली की पक्ष्यात हे होते. मूत्रपिंडे कशाने बंद पडली हा खरा प्रश्न.

भारतात पहिला संशय गेला विषाणूवर. त्यात अतार्किक काही नव्हते. मरणे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरल्यासारखे दिसत होते, मोठी-लहान सगळी मरत होती आणि एका विशिष्ट गटातलीच गिधाडे मरत होती. बीएनएचएस, लंडनची प्राणिशास्त्र संस्था आणि पुण्यातले कुक्कुटरोग निदान व संशोधन केंद्र यांनी मिळून मृत पक्ष्यांच्या ऊतींची तपासणी केली आणि संसर्गजन्य रोगाची शक्यता मांडली. (कोंबड्यांच्या रोगांवर काम करणाऱ्या पुण्याच्या प्रयोगशाळेत गिधाडे पोचली, कारण पक्ष्यांच्या शवचिकित्सेचा इतका अनुभव देशात मोजक्याच ठिकाणी होता.) डीडीटीसारख्या कीटकनाशकांचाही विचार झाला. अन्न कमी पडत असेल, हाही तर्क होता. पण मढी तर उघड्यावर पडून सडत होती, मग उपासमार कसली?

उत्तर मिळाले सीमेपलीकडे. पाकिस्तानच्या पंजाबात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे अजून बऱ्यापैकी शिल्लक होती. २००० पासून अमेरिकेच्या पेरेग्रिन फंड या संस्थेने तिथल्या पक्षिशास्त्र संस्थेबरोबर काम सुरू केले. लिंडसे ओक्स हे पशुवैद्यकातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तपासाच्या मध्यभागी होते. त्यांनी शिसे, पारा, आर्सेनिक, कीटकनाशके, जिवाणू, विषाणू अशी सगळी नेहमीची यादी तपासली. एकेक पर्याय गळत गेला.

मग त्यांनी प्रश्नच फिरवला. गिधाडात काय शिरले हे शोधण्याऐवजी, गिधाड जे खाते त्यात काय शिरले हे विचारले. गिधाड खाते गुरे. गुरांना माणूस देतो औषधे. तेव्हा असे औषध शोधायचे जे मूत्रपिंडाला इजा करू शकते, तोंडावाटे पोटात गेले तरी रक्तात उतरते, आणि जे गेल्या काही वर्षांत सर्रास वापरात आले आहे. पशुवैद्य आणि औषध दुकानदारांकडे विचारणा केली. तिन्ही अटींत बसणारे नाव एकच निघाले: डायक्लोफेनॅक.

आपल्या ओळखीचे औषध आहे हे. गुडघेदुखी, कंबरदुखी, दाताचे दुखणे यांवर डॉक्टर देतात ते. माणसांत ते १९७० च्या दशकापासून होते. गुरांसाठी आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्वस्तात मिळू लागले. लंगडणारा बैल, कासेला सूज आलेली म्हैस, अडलेली गाय, टोचा एक सुई. जनावराला आराम पडतो, शेतकऱ्याला परवडते. यात कुणाची वाईट इच्छा शोधू नये.

मग पडताळा. ज्या २५ गिधाडांत गाऊट आढळला होता त्या सर्व २५ जणांच्या मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या, गाऊट नसलेल्या १३ गिधाडांपैकी एकाच्याही मूत्रपिंडात ते नव्हते. विज्ञानात इतका स्वच्छ निकाल क्वचित हाती येतो. तरीही 'बरोबर आढळणे' म्हणजे 'कारण असणे' नव्हे, म्हणून पुढची पायरी: औषध टोचलेल्या म्हशी-शेळ्यांचे मांस बंदिस्त गिधाडांना खायला घातले. ती मेली, गाऊटनेच मेली, आणि ज्यांच्या पोटात जास्त औषध गेले त्यांत मेलेल्यांचे प्रमाणही जास्त होते. मे २००३ मध्ये बुडापेस्टच्या शिकारी पक्ष्यांच्या जागतिक परिषदेत हे जाहीर झाले आणि जानेवारी २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आले. रानातल्या पक्ष्यांच्या एवढ्या मोठ्या घटीमागे गुरांचे औषध असेल, असे त्याआधी कुणाच्या मनात आले नव्हते.

दहावीच्या मुलांना हा भाग सांगताना मी २५ आणि १३ हे दोन आकडे फळ्यावर लिहून थांबतो आणि विचारतो, फक्त २५ चा आकडा असता तर चालले असते का? बहुतेक जण 'हो' म्हणतात. मग कुणीतरी म्हणते, सगळ्याच गिधाडांत ते औषध असेल तर? तिथे १३ चे महत्त्व कळते. नियंत्रित गट म्हणजे काय, याची यापेक्षा चांगली व्याख्या मला पुस्तकात मिळालेली नाही.

मूत्रपिंडात काय बिघडते

प्रथिने वापरली की नायट्रोजनयुक्त कचरा तयार होतो आणि तो बाहेर टाकावा लागतो. माशांना आजूबाजूला पाणीच पाणी, ते अमोनिया सोडून मोकळे होतात. आपण सस्तन प्राणी युरिया बनवतो. तो पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीतून जातो. पक्षी यूरिक आम्ल बनवतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे फार थोड्या पाण्यात लगद्यासारखे बाहेर टाकता येते. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. उडणाऱ्या प्राण्याला पाण्याचे ओझे नको आणि कवचाच्या आत वाढणाऱ्या गर्भाला साठलेल्या कचऱ्याचा त्रास नको, अशा दोन्ही अर्थांनी ही सोय उत्तम.

पण तिची एक किंमत आहे. यूरिक आम्ल रक्तातून काढून घेण्याचे बरेचसे काम मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशींना करावे लागते. डायक्लोफेनॅक गिधाडात नेमक्या याच पेशी मारते. पेशी गेल्या की रक्तातले यूरिक आम्ल भराभर चढते, आणि मुळातच न विरघळणारा हा पदार्थ जिथे जागा मिळेल तिथे स्फटिक होऊन बसतो. हृदयाच्या आवरणावर, यकृतावर, सांध्यांत. औषध पोटात गेल्यापासून दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. मान टाकून बसलेले गिधाड हे त्या दोन-तीन दिवसांतले गिधाड असू शकते.

मात्रा किती लागते, तर शरीराच्या दर किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास औषधात निम्मी गिधाडे मरतात. कोंबडीला याच्या कितीतरी पट द्यावे लागते. अमेरिकेतल्या टर्की गिधाडाला तर याच्या शंभराहून अधिक पट मात्रेनेही काही झाले नाही. नावाने दोघेही गिधाडे. पण अमेरिकेतली गिधाडे वेगळ्या वंशातून आलेली, सारखा धंदा करता करता सारखी दिसू लागलेली. डोक्यावर पिसे नसणे, वाकडी चोच, घिरट्या हे सगळे जुळले, मूत्रपिंड आणि यकृतातली रसायने जुळली नाहीत. वर्गीकरणाचा धडा घोकून पाठ करायचा असतो असे वाटणाऱ्यांसाठी हे उदाहरण जपून ठेवावे.

दोनशेत एक

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. टोचलेले औषध गुरांच्या अंगात फार दिवस राहत नाही. काही दिवसांत ते निघून जाते. म्हणजे सुई घेतल्यावर चार दिवसांत मेलेलेच जनावर धोकादायक. असे कितीसे मढे असणार? पण वेदनाशामक कुणाला देतात? ज्याची तब्येत फार बिघडली आहे त्याला. औषध नेमके मरणाच्या दारात असलेल्या जनावराला मिळते, आणि मरणाच्या दारात असलेले जनावरच गिधाडाकडे जाते.

रिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हिशेब मांडला: इतक्या वेगाने गिधाडे घटायला दर १३० ते ७६० मढ्यांमागे एकच मढे प्राणघातक असले तरी पुरे. ऐकताना पटत नाही, म्हणून सोपा करून पाहू. समजा दोनशे मढ्यांत एक विषारी आहे. गिधाड साधारण तीन दिवसांनी एकदा पोटभर खाते, म्हणजे वर्षाला सुमारे १२० जेवणे. प्रत्येक जेवणात वाचण्याची शक्यता ०.९९५. सलग १२० वेळा वाचण्याची शक्यता म्हणजे ०.९९५ चा १२० वा घात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, ०.५५ च्या जवळ येते. म्हणजे वर्षाला ४५ टक्के गिधाडे मरतील. २००० नंतरच्या रस्ता-मोजण्यांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची घट वर्षाला जवळपास ४४ टक्के निघाली होती. माझा हिशेब ढोबळ आहे, आकडे जुळण्यात थोडा योगायोगही आहे, पण घटीचा वेग साधारण तेवढाच येतो.

आणि गिधाडे मढे वाटून खातात. एका मढ्यावर पन्नास-शंभर गिधाडे जमत असतील तर एक सुई तेवढ्या सगळ्यांपर्यंत पोचते. जी सवय त्यांना अन्न शोधून देत होती तीच इथे उलटली. वर्षाला पाच टक्के मरण सोसण्याइतपतच पैदास असलेल्या जातीवर ४४ टक्क्यांचे मरण आले. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये भारतभरातून मढ्यांच्या यकृतांचे नमुने घेतले तेव्हा दर दहांतल्या एकात डायक्लोफेनॅकचे अंश सापडले. प्रत्येक नमुन्यातले प्रमाण प्राणघातक नव्हते, पण एकूण मिळून घटीचा पूर्ण हिशेब लागला. दुसरे कारण शोधण्याची गरज उरली नाही.

रिकाम्या जागेवर कोण आले

मढी तेवढीच पडत राहिली. खाणारे गेले. ती जागा मुख्यतः भटक्या कुत्र्यांनी घेतली. कुत्रे गिधाडाइतके पटकन आणि स्वच्छ खात नाही. मढे दिवसेंदिवस सडत राहते, ओढ्यात-विहिरीत त्याचा अंश उतरतो. आणि कुत्र्याला वर्षातून दोनदा पिले होतात, एका वेळी पाच-सहा. पैदाशीच्या गणितात गिधाडाच्या बरोबर विरुद्ध टोक.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार गिधाडे गेल्यामुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली आणि चाव्यांतून झालेल्या रेबीजने सुमारे ४७ हजार जादा माणसे दगावली. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये वेगळ्या वाटेने हिशेब केला. जिथे गिधाडांना पोषक अधिवास होता ते जिल्हे आणि जिथे तो मुळात नव्हता ते जिल्हे यांतले माणसांचे मृत्युदर त्यांनी औषध येण्याआधी आणि नंतर ताडून पाहिले. गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज. अशा अंदाजांत गृहीतके पुष्कळ असतात, आकडा पुढेमागे होऊ शकतो. पण पुन्हा तेच २५ आणि १३: गिधाडे असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे.

मुंबईत हा फटका एका समाजाच्या अंत्यविधीला बसला. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी लोक देह गिधाडांच्या स्वाधीन करत. गिधाडेच येईनाशी झाली, तेव्हा तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रणा बसवावी लागली. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा काय करायचे यावरून समाजात वादही झाले.

बंदी

एखादे औषध काढून घ्यायचे तर शेतकऱ्याच्या हातात दुसरे द्यावे लागते. मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक आधी आफ्रिकेतल्या गिधाडांवर आणि मग भारतातल्या जातींवर तपासले, ते सुरक्षित ठरले. मे २००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद करण्याचे आदेश दिले. नेपाळ आणि पाकिस्तानने त्याच वर्षी, बांगलादेशाने २०१० मध्ये. शोध २००३ चा, बंदी २००६ ची. सरकारी वेगाच्या मानाने ही तत्परताच म्हणायची.

पण औषध माणसांसाठी चालूच होते, आणि चालू राहणे बरोबरही होते. दुकानात ३० मिलिलिटरची बाटली मिळे. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर लागते. तीसची बाटली कुणासाठी, हे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही ठाऊक होते. २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. म्हशीला टोचायचे तर आता पाच-सहा बाटल्या फोडाव्या लागतात. कायद्याच्या कलमापेक्षा ही गैरसोय जास्त कामाला आली असावी असे मला वाटते.

दरम्यान डायक्लोफेनॅकच्या जागी इतर वेदनाशामके आली. एसिक्लोफेनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच बदलते, म्हणजे नाव बदलून तेच. कीटोप्रोफेनही गिधाडांना मारते हे २०१० च्या सुमारास दिसून आले होते. ही दोन्ही गुरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडले, निमेसुलाइड बंद व्हायला २०२४ चा डिसेंबर.

हरियाणातल्या पिंजोरला २००१ मध्ये गिधाडांचे शुश्रूषा केंद्र सुरू झाले, त्याचे पुढे प्रजनन केंद्र झाले. वर्षाला एक अंडे ही अडचण तिथे थोडी वळवून घेतात: पहिले अंडे काढून उबवणयंत्रात ठेवले तर काही जोड्या दुसरे घालतात. जानेवारी २०२४ मध्ये तिथली गिधाडे ताडोबा आणि पेंच येथे आणली, काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून पाठीवर यंत्र लावून सोडली. त्यांतले एक तमिळनाडूपर्यंत उडत गेले आणि तिथे विजेच्या धक्क्याने मेले. एका जिल्ह्याचे संवर्धन म्हणून या पक्ष्याचे संवर्धन होऊ शकत नाही, ते असे.

आपल्याकडे

महाराष्ट्रात लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करते. नाशिकजवळच्या अंजनेरीचे कडे त्यासाठी ओळखले जातात. त्याच जिल्ह्यात इगतपुरीजवळच्या टाकेदला जटायू पडला अशी श्रद्धा आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड मात्र उंच, जुन्या झाडांवर राहणारे, आणि कोकणात त्याचा टिकून राहिलेला पट्टा म्हसळा-श्रीवर्धनचा. म्हसळा तालुक्यातल्या चिरगाव परिसरात महाडची सिस्केप ही संस्था गावकऱ्यांबरोबर बरीच वर्षे काम करते आहे. तिथली अडचण औषधापेक्षा वेगळी निघाली: भूक. गोठे रिकामे होत चालले, मेलेले जनावर पुरले जाऊ लागले, आणि गिधाडांना खायला उरेना. म्हणून मेलेली जनावरे ठरलेल्या जागी आणून टाकायची, आधी त्यांना कोणते औषध दिले होते याची चौकशी करायची, अशी व्यवस्था लावावी लागली. नाशिककडच्या हरसूल भागात खोरीपाड्याला आणि गडचिरोलीत वनखात्याने हेच केले; लोक त्याला 'गिधाडांचे उपाहारगृह' म्हणतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळ्यात झाडे आडवी केली. नवे रोप लावता येते. गिधाडाच्या घरट्याला लागणारे झाड व्हायला त्याला कित्येक दशके जातात.

आता पशुवैद्यांपुढे सुरक्षित ठरलेली नावे दोन आहेत, मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल. बाजारात येणाऱ्या इतर वेदनाशामकांची चाचणी बरेलीची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आणि बीएनएचएस करतात. आतापर्यंतची प्रत्येक बंदी औषध वापरात आल्यानंतर, गिधाडे मेल्यानंतर आली आहे. केंद्राच्या २०२०-२५ च्या गिधाड संवर्धन कृती आराखड्यात हा क्रम बदलण्याची शिफारस आहे: गिधाडांना घातक ठरलेले औषध गुरांच्या वापरातून आपोआप निघावे. चाचणीसाठी पक्षी लागतात, आणि ज्या जातींना वाचवायचे आहे त्यांतले पक्षी चाचणीला देणे परवडत नाही. म्हणून या चाचण्या त्यांच्या जवळच्या नातलगावर, तुलनेने अजून पुष्कळ असलेल्या हिमालयीन गिधाडावर केल्या जातात.